चिमूटभर की चमचाभर? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यंदा आलेल्या पत्रांपैकी निम्मी पत्रं हळदीवर आहेत, आणि ते साहजिकच आहे. हळद निघाली, शिजली, वाळली, आता चक्कीवर दळून डब्यात जाते आहे. बाकीची पत्रं उन्हाची, रक्ताची आणि साखरेची. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे. खाली जिथे 'चमचा' लिहिलं आहे, तिथे औषधाच्या बाटलीसोबत येणारा 5 मिलिलिटरचा सपाट चमचा समजावा. पोह्याचा चमचा नव्हे, आणि शीग लावून तर नव्हेच.

प्रश्न : आमची घरची वायगावची हळद आहे. सासूबाई रोज रात्री सगळ्यांना दुधात मोठा चमचा भरून हळद देतात. मुलगा नागपूरहून हळदीच्या कॅप्सूलची बाटली घेऊन आला, तिच्यात काळ्या मिऱ्याचा अर्कही आहे म्हणे. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं आहे, रक्त पातळ राहण्याची गोळी चालू आहे. कोणाला काय द्यावं आणि किती?
(एक वाचक भगिनी, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांचं. त्यांना कॅप्सूल देऊ नका. भाजी-वरणात पडते तेवढी हळद त्यांना चालेल, ती रोज सारखीच असते आणि गोळीचा डोस त्या जेवणासकटच बसलेला असतो. कॅप्सूलचं तसं नाही. हळदीचा अर्क स्वतःही रक्त गोठण्याच्या कामात थोडा अडथळा आणतो. त्यावर वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असलं तर हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग, काळी संडास असे प्रकार होऊ शकतात. बाटली घरात आलीच आहे, तर पुढच्या तपासणीला ती सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा.

आता हिशेब करू, म्हणजे कॅप्सूल आणि डबा यांतलं अंतर दिसेल. हळदीतला कामाचा घटक करक्युमिन. साध्या हळदीत तो साधारण 3 टक्के असतो, वायगावच्या हळदीत 6 टक्क्यांच्या आसपास. तुमच्या तालुक्यातल्या या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात हा गुणही मोजला गेला. एक सपाट चमचा हळद म्हणजे साधारण 3 ग्रॅम. पाव चमचा दुधात घातली तर घरच्या हळदीतून पोटात जाणारं करक्युमिन 45 मिलिग्रॅमच्या आसपास. बाजारातल्या 500 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बहुधा 95 टक्के अर्क असतो, म्हणजे 475 मिलिग्रॅम. एक कॅप्सूल म्हणजे तुमच्या हळदीचे अडीच चमचे, साध्या हळदीचे पाच. एवढी हळद कोणती सुगरण भाजीत घालते?

मिऱ्याचंही ऐका. करक्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून फारसं रक्तात जातही नाही. 1998 मध्ये बंगळुरूच्या अभ्यासकांनी 2 ग्रॅम करक्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पायपेरिन, म्हणजे मिऱ्याचा तिखटपणा देणारा घटक, माणसांना देऊन पाहिलं. रक्तातलं शोषण वीस पटीनं वाढलं. 20 मिलिग्रॅम पायपेरिन साधारण सात-आठ मिऱ्यांत असतं. पण पायपेरिन फक्त हळदीलाच दार उघडून देत नाही. फिट्सची फेनिटोइन, ठोके कमी करणारी प्रोप्रानोलॉल, दम्याची थिओफायलिन यांचंही रक्तातलं प्रमाण ते वाढवतं. यातली कोणतीही गोळी घरात कोणाला चालू असेल, तर त्याच्या दुधात मिरे कुटून घालू नका. मिरे घातलेल्या हळदीच्या कॅप्सूलनं यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक गेलेली, असं दिसलं की कॅप्सूल त्याच दिवशी बंद करून रक्ताची तपासणी.

घरातल्या बाकीच्यांसाठी : एक कप दूध, पाव चमचा हळद, वाटलं तर दोन मिरे ठेचून. हळद गार दुधातच कालवा आणि मग उकळी आणा. उकळत्या दुधात वरून टाकली की गुठळ्या होतात आणि तळाशी कच्ची चव राहते. उकळीनंतर मंद आचेवर दोन मिनिटं. दूध सायीचं असू द्या, स्निग्धाशिवाय करक्युमिन पुढे सरकत नाही. घसा खवखवत असेल तर चार-पाच दिवस घ्या. बारा महिने घ्यायला हरकत नाही, पण भाजीतही हळद आहे हे लक्षात असू द्या. पित्ताशयात खडे असतील तर मोठ्या मात्रेनं कळ उठू शकते, कारण हळदीनं पित्ताशय आकुंचन पावतं. मुतखडा वारंवार होणाऱ्यांनीही चमचा-चमचा हळद घेऊ नये, तिच्यात ऑक्झलेट भरपूर असतं. सासूबाईंचा मोठा चमचा त्यामुळे छोटा करावा लागेल. हे त्यांना कसं सांगायचं ते मात्र तुम्हालाच ठाऊक.

प्रश्न : आमच्याकडे हळद पिकत नाही, बाजारातून आणतो. भेसळ ग्लासभर पाण्यात ओळखता येते असं ऐकलं. खरं आहे का?
(एक वाचक, ता. उमरेड, जि. नागपूर)

उत्तर : अर्धं खरं. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, वरून एक चमचा हळद सोडा, ढवळू नका, वीस मिनिटं थांबा. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचं पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गर्द पिवळं झालं तर विरघळणारा रंग मिसळलेला आहे. पण सगळ्यात घातक भेसळ म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचा पिवळा रंग, आणि तो पाण्यात विरघळत नाही. तो या परीक्षेत गुपचूप पास होतो. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं आणि अंगातून लवकर जात नाही.

म्हणून सोपा मार्ग एकच, हळकुंड घ्या आणि समोर दळून घ्या. हळकुंडालाही चकाकी यावी म्हणून रंग चोळतात. एक हळकुंड पाण्यात टाका. लगेच रंग सुटला तर ते घासूनपुसून पिवळं केलेलं आहे. दुसरं हळकुंड मोडून बघा. नीट शिजून वाळलेलं असेल तर कट्‌कन आवाज येऊन तुटतं, आतला भाग नारिंगी-पिवळा आणि शिंगासारखा कडक दिसतो. आत पांढरट, पिठूळ असेल तर शिजायला कमी पडलं, आणि असं हळकुंड लवकर किडतं. वाकतं पण तुटत नाही, म्हणजे ओल आहे. ओल म्हणजे बुरशी, आणि बुरशीचं विष दळून किंवा शिजवून जात नाही.

शेतकरी वाचकांसाठी ओघात : कढईत फेस येऊन पांढरी वाफ आणि हळदीचा खास वास सुटला, गवताची काडी कंदात सहज शिरली की शिजली. साधारण पाऊण ते एक तास. नंतर 10 ते 15 दिवस ऊन, आणि रात्री झाकण. ताडपत्री वापरा, मातीवर पसरू नका. पाच किलो ओली हळद वाळून किलोभर राहते. दोन किलो राहिली तर आनंद मानू नका, वाळायची बाकी आहे.

प्रश्न : आठ महिन्यांच्या नातीला सर्दी-खोकला आहे. मधात हळद चाटवू का? रात्री झोपत नाही म्हणून आमची बुढी जायफळ उगाळून द्यायला सांगते.
(एक आजी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : दोन्ही नको. वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटही लावू नये. मधात क्लोस्ट्रिडियम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या लेकराच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. मान टाकणं, दूध ओढता न येणं, रडण्याचा आवाज बारीक होणं, बद्धकोष्ठ, अशी सुरुवात होते. मध शुद्ध आहे, मोहोळाचा आहे, घरचा आहे, यानं काही फरक पडत नाही.

जायफळानं लेकरू झोपतं खरं, कारण जायफळातलं मायरिस्टिसिन मेंदूवर गुंगीचा परिणाम करतं. सहाणेवर तीन वळसे की सहा, याचा नेम नसतो, आणि सर्दीनं नाक बंद असलेलं बाळ गुंगीत श्वास घ्यायला कमी पडू शकतं. खसखशीचंही तेच. छातीला कापूर-तेल चोळू नका, कापूर कातडीतून आत जातो आणि त्यानं झटके येऊ शकतात. ओव्याची धुरी आणि पेटती शेगडी बाळ-बाळंतिणीच्या बंद खोलीत ठेवायची चाल अजून गावोगाव आहे. त्या धुरानं खोकला वाढतो, आणि कोळशाच्या वायूनं जीवही जातो.

करायचं ते साधं. दर दोन तासांनी अंगावरचं दूध, नाकात सलाइनचे दोन-दोन थेंब, वरणाचं कोमट पाणी. आणि लेकरू शांत असताना एक पूर्ण मिनिट पोटाची हालचाल मोजा. 2 ते 12 महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला 50 किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असला, किंवा दूध पीत नसलं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना. मोजायला जमत नसेल तर आशाताईंना बोलवा, त्यांना हे मोजायला शिकवलेलं असतं. पोट फुगलं म्हणून चटके द्यायची पद्धत मेळघाटाकडे अजून ऐकू येते. त्याबद्दल एवढंच, की चटक्यानं पोट उतरत नाही आणि भाजल्याचा जंतुसंसर्ग मात्र मागे लागतो.

प्रश्न : साखरेची गोळी चालू आहे. रोज सकाळी भिजवलेल्या मेथ्यांचं पाणी पितो, मेथ्या टाकून देतो. साखर 180 च्या खाली येत नाही. गोळी बंद करून मेथ्या वाढवल्या तर?
(एक वाचक, मूर्तिजापूर, जि. अकोला)

उत्तर : काका, तुम्ही कामाचं टाकून पाणी पिता आहात. मेथीदाण्यात गॅलॅक्टोमॅनन नावाचा चिकट तंतू असतो. तोच आतड्यात जेलीसारखा होऊन भाकरीतली साखर रक्तात हळूहळू सोडतो. पाण्यात त्याचा थोडाच भाग उतरतो. दाणे चावून खा.

पहिला आठवडा अर्धा चमचा, रात्री अर्धी वाटी पाण्यात भिजवून, सकाळच्या न्याहारीआधी. पोट फुगलं नाही तर एक चमचा, मग दोन. दोन चमचे म्हणजे 7-8 ग्रॅम, त्याच्या पुढे घरच्या घरी जाऊ नका. एकदम दोन चमच्यांनी सुरुवात केली की गॅस आणि पातळ संडास ठरलेली. दाणे फार कडू लागत असतील तर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणा, कडवटपणा कमी होतो. कोरड्या मेथ्या भाजून पूड केली तरी चालते, पण त्यावर पूर्ण ग्लास पाणी हवं, नाहीतर घशाशी गोळा बसतो. थायरॉइडची किंवा दुसरी गोळी असेल तर मेथ्या आणि गोळी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, तो चिकटपणा औषधालाही धरून ठेवतो. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना मेथीचीही येऊ शकते. गरोदर बाईनं औषधी मात्रेत मेथ्या घेऊ नयेत.

गोळी बंद करायची नाही. उलट, ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना मेथ्या वाढवल्या तर साखर जास्त खाली येण्याचा धोका आहे. हातपाय थरथरणं, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि साखर 70 च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शेतात जाताना खिशात साखरेची पुडी असावी. आणि 180 हा आकडा उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, ते तुम्ही लिहिलं नाही. उपाशीपोटीचा असेल तर गोळीचा डोस बदलायची वेळ झाली आहे, मेथ्यांनी तेवढं अंतर कापलं जात नाही. तीन महिन्यांची एचबीए1सी तपासणी करून डॉक्टरांना भेटा. जाता जाता, मेथ्यांनी घामाला गुळासारखा वास येतो, घाबरू नका.

प्रश्न : सकाळी उपाशीपोटी गरम पाणी, मध आणि चमचाभर दालचिनी घेतल्यानं वजन उतरतं का?
(एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : नाही. शिवाय चमचाभर रोज जास्त होतं. किराण्यात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया. एकच जाड गुंडाळी, लाकडासारखी, हातानं सहज तुटत नाही. खरी श्रीलंकेची दालचिनी कागदासारख्या पातळ पापुद्र्यांची असते, विडीसारखी गुंडाळलेली, दाबली की चुरा होते, आणि भाव कितीतरी जास्त. कॅशियात कुमारिन असतं, ते यकृताला सोसत नाही. युरोपात त्याची रोजची सुरक्षित मर्यादा वजनाच्या दर किलोला 0.1 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6. एक चमचा कॅशियात त्याहून जास्त असू शकतं. सावजीच्या रश्श्यात पडणारा तुकडा खुशाल खा.

प्रश्न : वावरात जाताना खिशात कांदा ठेवला तर लू लागत नाही, हे कितपत खरं? पन्ह्याचं नीट प्रमाणही द्या.
(अनेक पत्रं, ब्रह्मपुरी, आर्वी, पुसद, चिखली)

उत्तर : कांदा खिशात काही करत नाही. पोटात गेला तर थोडं पाणी आणि क्षार देतो, भाकरीसोबत जरूर खा. विदर्भात पारा 45 च्या वर जातो तेव्हा शरीर थंड ठेवायला एकच यंत्र असतं, घाम. घामाला पाणी आणि मीठ दोन्ही लागतं, म्हणून पन्हं, ताक, आंबील, अंबाडीचं सरबत हे सगळं आपल्याकडे उगाच आलेलं नाही.

पन्ह्याचं माप, एक लिटरसाठी : एक मोठी कैरी, साधारण 250 ग्रॅम. निखाऱ्यावर भाजा किंवा कुकरमध्ये दोन शिट्ट्या. साल काढून गर कुस्करा, कोय पिळून टाका. गूळ 70-80 ग्रॅम, मीठ अर्धा चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा, वेलची हवी तर. चुका कुठे होतात? पहिली, मीठ चिमूटभरच घालतात आणि गूळ पाव किलो. मग ते शरबत होतं, घामाची भरपाई होत नाही. दुसरी, पितळेच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात ठेवतात. आंबट पदार्थ धातू सोडवतो, त्यानं चव तर जातेच, उलट्याही होतात. स्टील, काच किंवा मातीचं भांडं वापरा. तिसरी, सकाळी केलेलं रात्री पितात. उन्हाळ्यात बाहेर चार-पाच तासांत ते आंबायला लागतं.

साखरेच्या रुग्णांनी गूळ सोडून द्यावा, मीठ-जिरं-कैरी पुरे. रक्तदाब, हृदय किंवा किडनीच्या रुग्णांनी मिठाचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. सब्जा घालणार असाल तर एक चमचा ग्लासभर पाण्यात पंधरा मिनिटं फुगू द्या, कोरडा सब्जा गिळला तर घशात फुगतो. हगवण लागली असेल तर मात्र पन्हं नको, त्यातल्या गुळानं जुलाब वाढू शकतात. तेव्हा ओआरएसचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. अर्धं पाकीट ग्लासात टाकू नका, द्रावण फार घट्ट झालं तर अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं.

आणि हे वेगळं ओळखा : डोकं दुखणं, चक्कर, पायात गोळे, घाम चालू, म्हणजे उन्हाचा थकवा, सावली आणि पन्ह्यानं उतरतो. अंग भट्टीसारखं तापलेलं, ताप 104 फॅरनहाइटच्या पुढे, माणूस बरळतो किंवा ओळखत नाही, म्हणजे उष्माघात. तेव्हा तोंडानं काही पाजायचं नाही, ठसका लागून पाणी फुप्फुसात जातं. कपडे सैल करा, अंगावर बादलीनं पाणी ओता, सुपानं किंवा कुलरसमोर वारा घाला, काखेत-मानेला-जांघेत बर्फ, आणि 108 ला फोन. गाडी येईपर्यंत पाणी थांबवू नका. तापाची गोळी इथे काम करत नाही, आणि कांद्याचा रस तळपायाला चोळण्यात मोलाची मिनिटं जातात.

प्रश्न : मुलगी पंधरा वर्षांची, रक्त 8. रोज गूळ-शेंगदाणे, बीट आणि जवसाची चटणी देते. महिना झाला, वाढलं नाही. तिचे हातपायही अधूनमधून फार दुखतात.
(एक आई, ता. कुरखेडा, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य आमच्या दृष्टीनं पहिलं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार, बऱ्याच घरांत आहे. रक्त कमी आणि हाडा-सांध्यांत कळा, कधी डोळे पिवळे, असं असेल तर आधी तिची सिकलसेल तपासणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिली चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्तचाचणीनं मुलगी वाहक आहे की रुग्ण, हे ठरतं. 2023 पासून याची राष्ट्रीय मोहीमही चालू आहे.

हे आधी का? कारण सिकलसेलमध्ये रक्त लोहाच्या कमतरतेनं कमी होत नाही, तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून होतं. अशा मुलीला तपासणीशिवाय महिनोन्‌महिने लोहाची औषधं दिली, तर लोह यकृतात आणि हृदयात साठू शकतं. तिला लागतं ते फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, गरजेप्रमाणे हायड्रॉक्सियुरिया हे औषध, आणि ताप आला की त्याच दिवशी डॉक्टर. कोणताही मसाला, काढा किंवा जडीबुटी सिकलसेल बरा करत नाही. दुखणं उठलं तेव्हा ओव्यानं शेकायला हरकत नाही, मात्र बर्फ लावू नका, थंडीनं कळा वाढतात.

सिकलसेल नाही असं निघालं, तर मग लोह. गुळाच्या खड्यात लोह आहे, पण 10 ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅम मिळालं तरी खूप. गोळीत 60 असतं. बीट लाल आहे म्हणून रक्त वाढवतं हा रंगाचा भ्रम. गोळी डॉक्टर सांगतील तशी, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, चहाच्या आधी-नंतर तासभर सोडून. संडास काळी होते, ते लोहामुळे. अंबाडीची आंबट भाजी लोखंडी कढईत शिजवा, आंबटपणानं कढईतलं लोह भाजीत उतरतं. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी आणि तुरट होते.

जवसाची चटणी चालू ठेवा, ती रक्तासाठी नाही तर हृदयासाठी आणि पोट साफ व्हायला चांगली. एक वाटी जवस मंद आचेवर पाच-सात मिनिटं, तडतड थांबत आली की उतरवा. कच्चं जवस जास्त खाऊ नये, त्यात सायनाइड देणारे घटक असतात, भाजल्यानं ते कमी होतात. सहा-सात सुक्या मिरच्या, दहा लसूण पाकळ्या, एक चमचा जिरं, मीठ, आणि खलबत्त्यात कुटून घ्या. जवस अख्खं राहिलं तर तसंच बाहेर पडतं. आठ-दहा दिवसांपुरतीच करा. तेलकट रंगासारखा वास आला तर जवसाचं तेल खवट झालं, फेकून द्या.

प्रश्न : वडील करोनापासून दिवसातून तीनदा काढा घेतात. अद्रक, लवंग, दहा मिरे, ज्येष्ठमध, गुळवेल. आता छातीत जळजळ आणि रक्तदाब वाढलेला.
(एक वाचक, रिसोड, जि. वाशिम)

उत्तर : जळजळ मिऱ्या-लवंगांची, रक्तदाब बहुधा ज्येष्ठमधाचा. ज्येष्ठमधानं शरीरात मीठ-पाणी साचतं आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाच्या रुग्णानं ते रोज घेऊच नये, लघवी होण्याची गोळी असेल तर अजिबात नाही. गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलं. ती वेल नेमकी कोणती होती यावर वाद झाला, कारण तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. कुंपणावरून तोडताना तुम्हालाही तो फरक कळणार नाही.

2020 मध्ये आयुष मंत्रालयानं सांगितलेलं प्रमाण बघा : तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, मिरे 1, अशी पूड 3 ग्रॅम, 150 मिलिलिटर पाण्यात, दिवसातून एकदा किंवा दोनदा. त्यात मिऱ्याचा वाटा ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, म्हणजे सहा-सात दाणे. तुमच्या वडिलांचे दिवसाला तीस होतात. काढा पूर्ण थांबवा, दोन आठवड्यांनी रक्तदाब मोजा आणि पोटॅशियमची तपासणी करून घ्या. चव हवी तर तुळशीच्या चार पानांचा चहा पुरे.

प्रश्न : विंचू चावला तर चिंचोका घासून लावतात. उतरतं का?
(एक वाचक, उमरखेड, जि. यवतमाळ)

उत्तर : साध्या काळ्या विंचवाचं काही तासांत आपोआप उतरतं, श्रेय चिंचोक्याला जातं. लाल विंचवाचं विष हृदयावर जातं. घाम सुटणं, उलटी, हातपाय गार पडणं, धडधड, यातलं काही दिसलं, किंवा चावा लहान मुलाला असला, तर थेट आरोग्य केंद्र. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन ही गोळी वापरात आणली आणि मृत्यू खूप कमी झाले, पण ती वेळेत मिळायला हवी. साप चावला का हे बघायला मिरची किंवा कडुलिंबाचा पाला चारतात, तेही करू नका. चव लागली म्हणून विष चढलं नाही असं होत नाही.

प्रश्न : भिवापुरी मिरच्या कुटल्यावर हाताची आग दोन दिवस जात नाही. भाजलं तर हळद लावतो, तशीच इथेही लावावी का?
(एक वाचक भगिनी, ता. भिवापूर, जि. नागपूर)

उत्तर : दोन्हीकडे हळद नको. भाजलं तर नळाखाली किंवा तांब्यानं सतत साधं पाणी, वीस मिनिटं, घड्याळ लावून. नंतर स्वच्छ कोरडं फडकं. हळदीनं जखम पिवळी होते आणि किती खोल भाजलं ते डॉक्टरला दिसत नाही, शिवाय डब्यातली हळद निर्जंतुक नसते. टूथपेस्टनं उष्णता आतच राहते.

मिरचीची आग वेगळी. तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात नाही, म्हणून नुसत्या पाण्यानं धुतलं की तो हातभर पसरतो. आधी हाताला खाण्याचं तेल चोळा, नखांच्या कडेनं नीट, एक-दोन मिनिटं. मग साबण, मग पाणी. पुन्हा एकदा हेच. पुढच्या वेळी कुटायच्या आधीच हाताला तेल लावा. डोळ्यात गेलं तर तेल नाही, फक्त साध्या पाण्याची धार, पंधरा मिनिटं, आणि चोळायचं नाही.